प्रतिनागरीकरण

महानगरातील रहिवाशांनी ते शहर सोडून त्याच्या परिसरातील लहान गावी अथवा खेड्यात वस्ती करण्याची प्रक्रिया. खेड्याकडून शहराकडे होणारे स्थलांतर हे नागरीकरणाचे एक प्रमुख कारण मानले जाते. हा प्रवाह त्याच्या उलट दिशेने वाहत असल्यामुळे त्यास प्रतिनागरीकरण अशी संज्ञा आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७० नंतर महानगरी क्षेत्रांपेक्षा त्यांबाहेरील प्रदेशांची लोकसंख्या अधिक वेगाने वाढू लागल्याचे दिसून आले, तेव्हा भूगोलज्ञ ब्रायन बेरी यांनी १९७६ मध्ये या घटनेस हे नाव दिले. पश्चिम यूरोपातील काही देशांतही त्याच सुमारास अशी प्रवृत्ती आढळली.

प्रतिनागरीकरण आणि उपनगरीकरण यांत भेद करणे आवश्यक आहे. उपनगर हे मूळ शहराला सलग वस्तीने जोडलेले असते आणि तेथील रहिवासी रोज कामासाठी शहरात जातो. प्रतिनागरीकरणात शहर व नवे निवासस्थान यांच्यामध्ये शेत, डोंगर किंवा पाणी असा काही खंड असतो आणि स्थलांतरित व्यक्ती निदान मनाने तरी शहर सोडून आलेली असते. मुंबईपुरते पाहिल्यास, मूळ बेटावरील मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३,३८,०३१ होती. ती २०११ मध्ये ३०,८५,४११ इतकी घटली. परंतु या घटीचा मोठा भाग उपनगरे, ठाणे, कल्याण, वसई व पनवेल यांकडे, म्हणजे उपनगरी आगगाडीच्या मार्गावरच सरकला. खऱ्या अर्थाने प्रतिनागरीकरण म्हणता येईल असा प्रवाह त्यामानाने लहान असून त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मुंबई बंदराच्या पैलतीरावर, रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात आढळते.

अलिबाग हे मुंबईच्या दक्षिणेस सरळ रेषेत सु. ३० किमी. अंतरावर आहे. तथापि मध्ये बंदराचे पाणी व धरमतरची खाडी असल्यामुळे पनवेल, पेण व वडखळ मार्गे जाणारा रस्ता सु. १०० किमी. लांबीचा होतो. मांडवा किंवा रेवस येथे उभे राहिले असता मुंबईचे दिवे दिसतात, पण मोटारीने तेथे पोहोचण्यास तीन ते चार तास सहज लागतात. हे दृष्टीतील जवळपण आणि रस्त्याने लांबपण या किनाऱ्याच्या सामाजिक इतिहासाचे मूळ आहे. मुंबईपासून एवढ्याच अंतरावरील उत्तरेकडील गावे विसाव्या शतकात उपनगरे झाली. किहीम, आवास, सासवणे, थळ, नागाव, चौल ही गावे भातशेती, वाड्या व मासेमारी यांवरच राहिली.

मुंबईकडे जाणारा प्रवाह : सुमारे दोन शतके या किनाऱ्यावरील माणसांची वाट एकाच दिशेची होती. मुंबईच्या वाढीबरोबर येथील भाजीपाला, नारळ, मासळी, गवत व मीठ मचव्यांतून मुंबईस जाऊ लागले व त्यांच्यामागोमाग माणसेही गेली. बेने इस्राएल समाजाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. आपले पूर्वज अलिबागजवळील नवगाव येथे गलबत फुटून किनाऱ्यास लागले, अशी या समाजाची परंपरागत समजूत आहे. घाणीवर तेल काढण्याचा व्यवसाय आणि शनिवारी काम बंद ठेवण्याची चाल यांवरून त्यांना कोकणात ‘शनवार तेली’ म्हणत. अठराव्या शतकात त्यांपैकी पुष्कळजण मुंबईस गेले. १७९६ मध्ये त्यांचे तेथील पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इझ्राएलमध्ये स्थायिक झाले. तथापि किहीमकर, नवगावकर, आवासकर, चेऊलकर, पेणकर, दिवेकर ही आडनावे त्यांनी बरोबर नेली आणि सोडून आलेल्या गावांची यादी त्यांत सुरक्षित राहिली.

इतर समाजांतील लोकांचे जाणे इतके निर्णायक नव्हते. मुंबईत नोकरी करणारा चाकरमानी घर व शेत गावीच ठेवी आणि सणावाराला बोटीने परते. ही ये-जा किती दाट होती याची कल्पना एका दुर्घटनेवरून येते. १७ जुलै १९४७ रोजी आषाढी अमावास्येच्या तोंडावर भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट काशाच्या खडकाजवळ उलटून सहाशेहून अधिक उतारू बुडाले. त्यांत घरी निघालेल्या नोकरदारांचा भरणा मोठा होता. अलिबाग, पेण व उरण तालुक्यांतील जुन्या कुटुंबांत या बोटीची आठवण अद्याप निघते.

शहरावर संकट आले की हा प्रवाह तेवढ्यापुरता उलटत असे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत गाठीच्या प्लेगची साथ उद्‌भवली, तेव्हा काही महिन्यांतच शहराची जवळजवळ निम्मी लोकसंख्या बाहेर पडली. १८ जानेवारी १९८२ पासून सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपात सु. अडीच लाख कामगार सहभागी होते. त्यांपैकी अनेकांनी कोकणातील व घाटावरील आपल्या गावांचा आश्रय घेतला आणि बऱ्याच गिरण्या पुन्हा पूर्ववत सुरू न झाल्याने त्यांतील काहींचे परतणे कायमचे ठरले. २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीतही हेच दृश्य दिसले. अशा परतण्यास प्रतिनागरीकरण म्हणावे की नाही, याविषयी मतभेद होऊ शकतो. कारण निवड हा त्या संकल्पनेचा गाभा आहे आणि प्लेगपासून पळणाऱ्या माणसापुढे फारशी निवड नसते.

पहिले स्थलांतरित : मुंबई सोडून विचारपूर्वक अलिबागला आलेला पहिला महत्त्वाचा रहिवासी ही व्यक्ती नसून एक संस्था होती. मुंबईतील कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे वेध घेतले जात व १८४६ पासून त्यांची अखंड नोंद ठेवली जाई. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईतील घोड्यांच्या ट्राम बंद करून विजेच्या ट्राम सुरू करण्याचे ठरले. विजेच्या ट्रामला पुरविलेला एकदिश प्रवाह रुळांवाटे परत जातो आणि त्याचा काही अंश जमिनीत झिरपतो. भूचुंबकीय क्षेत्रात दिवसाकाठी होणारा बदल अत्यंत सूक्ष्म असल्याने या भटक्या प्रवाहांमुळे तो झाकला जाऊन वेध निरुपयोगी ठरले असते. तत्कालीन संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी म्हणून मुंबईपासून पुरेशी दूर, पण तिच्या नोंदींशी तुलना करता येईल इतकी जवळची जागा शोधली आणि अलिबागच्या किनाऱ्यावर १९०४ मध्ये नवी वेधशाळा सुरू झाली. तिच्या इमारतींत लोखंड कटाक्षाने टाळून पोरबंदरी दगड वापरण्यात आला. त्या काळी अलिबागच्या जिल्ह्याचे नावही कुलाबाच होते (ते १ जानेवारी १९८१ पासून रायगड झाले) व अलिबागसमोरील समुद्रातील आंग्र्यांचा किल्लाही कुलाबाच. तेव्हा वेधशाळा कुलाब्याहून कुलाब्यास गेली, असे म्हणण्यास हरकत नाही.

या स्थलांतरातील सावधगिरी उल्लेखनीय आहे. जुनी वेधशाळा लगेच बंद न करता १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेण्यात आले. त्यामुळे दोन जागांमधील फरक निश्चित करता आला व मालिका तुटली नाही. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली, तोपर्यंत हे काम पुरे झाले होते. कुलाबा व अलिबाग मिळून तयार झालेली ही नोंदमालिका जगातील सर्वांत दीर्घ अशा भूचुंबकीय मालिकांत गणली जाते. मुंबईतील ट्राम १९६४ मध्ये बंद झाल्या; वेधशाळा मात्र परत गेली नाही.

अलिबागकडे वळलेल्या व्यक्तींमध्ये पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली (१८९६–१९८७) यांचा निर्देश करावा लागेल. १९३० मध्ये ते जर्मनीतील अभ्यास संपवून परतले, तेव्हा मुंबईत त्यांना नोकरी उरली नव्हती. काटकसरीचा उपाय म्हणून ते किहीम येथे राहावयास गेले. तेथील मुक्कामात त्यांनी पावसाळाभर सुगरण पक्ष्याच्या वसाहतीचे निरीक्षण केले. नर घरटे अर्धवट विणतो, मादी ते पारखून पसंत करते आणि ती अंड्यांवर बसल्यावर नर दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणू लागतो, हा त्यांचा निष्कर्ष पुढे त्यांच्या शास्त्रीय कीर्तीचा पाया ठरला. शिल्पकार वि. पां. करमरकर (१८९१–१९६७) यांचे उदाहरण निराळे आहे. ते सासवण्याचेच. मुंबई व कलकत्ता येथे नाव मिळविल्यावर ते गावी परतले आणि त्यांच्या तेथील घरात आज त्यांचे शिल्पालय आहे. किहीम-आवास परिसरात मुंबईच्या काही सधन कुटुंबांची उन्हाळी घरे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून होती. परंतु ती मोजकी होती आणि गावाच्या जमिनीच्या व्यवहारावर त्यांचा फारसा परिणाम झाला नव्हता.

पाण्यावरील वाट : या किनाऱ्यावर कोण राहावयास येतो, हे दर वेळी जलप्रवासाच्या सोयीवरून ठरत गेले आहे. भाऊचा धक्का ते रेवस ही लाँच नोकरदार, कोळणी व भाजी विक्रेते यांची. तिच्यात टोपल्या व माणसे एकत्र बसतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस गेटवे ते मांडवा अशी कॅटॅमरान सेवा सुरू झाली. सुमारे तासाभराचा हा प्रवास व त्याच तिकिटात मांडव्याहून अलिबागपर्यंत बस, अशा व्यवस्थेमुळे दक्षिण मुंबईत कार्यालय व अलिबाग तालुक्यात घर ही जोडी प्रथमच शक्य झाली. बंगल्यांची मोठी वाढ याच काळातील आहे. तथापि पावसाळ्यात सु. तीन महिने ही वाहतूक बंद असे व आजही असते. त्या काळात पैलतीराचा रहिवासी पुन्हा रस्त्याच्या लांब वळणावर येतो. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारीसह उतारू नेणारी मोठी रो-रो बोट सुरू झाली. ती समुद्र फार खवळलेला नसेल तर पावसाळ्यातही चालते. तिच्या पाठोपाठ टाळेबंदी आली आणि शहरातील ज्यांना घरून काम करता येत होते, अशा कुटुंबांपैकी काहींनी सुट्टीच्या घराचे राहते घर केले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावाशेवा हा सागरी सेतू खुला झाला. तो उरण तालुक्यातील चिर्ले येथे उतरतो. तेथून अलिबागला पेण व वडखळ मार्गेच जावे लागते. धरमतर खाडीवरील रेवस–करंजा पूल मात्र अनेक दशके केवळ चर्चेत होता. तो झाल्यावर पाण्याचा हा खंड नाहीसा होईल आणि तेव्हा या प्रवृत्तीस प्रतिनागरीकरण म्हणावे की उपनगरीकरण, हा प्रश्न नव्याने उपस्थित होईल. प्रशासनाने त्याचे उत्तर एका परीने आधीच दिले आहे : २०१९ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाची हद्द वाढवून संपूर्ण अलिबाग तालुका तीत समाविष्ट करण्यात आला.

गावाबद्दलचा शहरी दृष्टिकोनही या प्रवासाबरोबर बदललेला दिसतो. ‘अलिबागहून आला आहेस काय’ हा मुंबईच्या बोलीतील प्रश्न समोरच्यास भोळसट ठरविण्यासाठी विचारला जातो. त्यावर बंदी घालावी, अशी याचिका २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली होती. न्यायालयाने ती फेटाळली. तोपर्यंत अलिबागहून येणे हे मुंबईच्या काही वर्तुळांत प्रतिष्ठेचे लक्षण झालेले होते.

जमीन : प्रतिनागरीकरणाचा सर्वांत खोल परिणाम जमिनीच्या मालकीवर होतो आणि अलिबाग तालुक्यात या विषयाला विशेष इतिहास आहे. खोतांच्या जाचाविरुद्ध तालुक्यातील चरी येथे १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. पंचवीस गावांतील कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. संप १९३९ पर्यंत टिकला. पिकाविना या कुटुंबांनी मासळी, जंगलातील लाकूडफाटा व मजुरी यांवर दिवस काढले. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले; १९३९ च्या कायद्याने कुळांना काही संरक्षण मिळाले; मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ मध्ये झाला आणि त्यातील नंतरच्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक ठरले. आज ज्या सातबारा उताऱ्यांवर बंगल्यांच्या मालकांची नावे चढली आहेत, त्यांतील अनेक उताऱ्यांवर त्यापूर्वी कुळांची नावे या मार्गाने आली होती.

याच अधिनियमाने दोन बंधने घातली होती. शेतकरी नसलेल्या व्यक्तीस जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. तसेच कुळाला मिळालेली जमीन त्यालाही परवानगीशिवाय विकता येत नसे. २०१४ च्या दुरुस्तीने दुसरे बंधन शिथिल झाले. खरेदीस दहा वर्षे उलटली असल्यास जमीन महसुलाच्या ४० पट रक्कम भरून विक्री करता येते. शेतसारा मुळातच नाममात्र असल्याने ही रक्कमही नाममात्र ठरते. पहिले बंधन अद्याप आहे. परंतु राज्यात अन्यत्र शेती असणारा शहरवासी शेतकरीच गणला जातो आणि बिनशेती झालेल्या भूखंडास ते लागू नाही.

विक्रीमागील कारणे केवळ लोभ वा अज्ञान अशी सांगितली जातात. ती पुरेशी नाहीत. एखाद्या कुळाला १९५७ मध्ये दोन एकर, म्हणजे ८० गुंठे जमीन मिळाली असे समजू. तिसऱ्या पिढीत बारा वारस असतील, तर प्रत्येकाच्या वाट्यास सातहून कमी गुंठे येतात. एवढ्या जमिनीत एका पावसाळी भाताच्या पिकावर कुटुंब चालत नाही. वारसांपैकी काही मुंबईस असतात व त्यांना शेतात रस नसतो. समाईक उताऱ्यावर वाद असतोच. अशा वेळी सर्वांच्या सह्या घेऊन एकरकमी पैसे देणारा मध्यस्थ येतो आणि दोन पिढ्यांचा गुंता एका दिवसात सुटतो. आलेल्या पैशातून पक्के घर, लग्ने, शिक्षण, रिक्षा वा दुकान उभे राहते. मात्र सर्व जमीन विकणाऱ्या कुटुंबाची शेतकरी ही कायदेशीर ओळखही धोक्यात येते. शेजारच्या गावात स्वस्त जमीन घेऊन पुन्हा शेती करावयाची म्हटल्यास तोच कायदा त्याच्या आड येऊ शकतो. चरीच्या संपकऱ्यांच्या वारसांच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच विपरीत वाटते.

विकलेली जमीन बांधकाम होईपर्यंत व पुष्कळदा त्यानंतरही पडीक राहते. भात काढल्यावर जमिनीतील ओलाव्यावर पांढरा कांदा घेण्याची पद्धत कार्ले, खंडाळे, नेहुली, वाघ्रण इ. गावांत आहे. गोडसर चवीचा हा कांदा वेणीसारख्या माळा गुंफून विकतात. त्यास २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने भाव वाढण्यास मदत होते, परंतु कुंपण घातलेल्या शेतात कांदा लावता येत नाही.

किनाऱ्यालगतच्या बांधकामावर १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मर्यादा घातल्या. भरतीरेषेपासून ५०० मी. पट्टा नियमनाखाली आला आणि ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मी. मध्ये नवे बांधकाम निषिद्ध ठरले. २०११ व २०१९ मध्ये या नियमांत फेरबदल झाले. २०१९ मध्ये दाट वस्तीच्या ग्रामीण भागापुरता हा निषिद्ध पट्टा ५० मी. पर्यंत कमी करण्यात आला. अलिबाग व मुरुड तालुक्यांत नियमभंग करून बांधलेल्या बंगल्यांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च २०१९ मध्ये किहीम येथील एक विस्तीर्ण बंगला सुरुंग लावून पाडण्यात आला.

पाणी हा दुसरा नाजूक विषय होय. नागाव, आक्षी, चौल येथील नारळी-पोफळीच्या वाड्या समुद्रालगतच्या वाळूमिश्रित पट्ट्यात आहेत आणि पूर्वी त्यांचे शिंपण विहिरीवरील रहाटाने होत असे. अशा पट्ट्यात पावसाचे गोडे पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. सच्छिद्र जमिनीत समुद्रसपाटीपासून गोड्या पाण्याची पातळी १ मी. उंच असेल, तर त्याखाली सु. ४० मी. खोलीपर्यंत गोडे पाणी राहू शकते. पातळी अर्ध्या मीटरने उतरल्यास ही खोली सु. २० मी. वर येते. रहाटाचा उपसा मंद असल्याने हा तोल आपोआप सांभाळला जाई. विद्युत पंप, हिरवळीची अंगणे व पोहण्याचे तलाव यांनी उपसा वाढला की खारे पाणी वर चढते. पोफळीस ते मानवत नाही, त्यामुळे त्याची पहिली खूण बहुधा शेजारच्या वाडीत दिसते. अलिबाग हे नावच मुळी अली नावाच्या एका धनिक गृहस्थाने येथे खणलेल्या विहिरी व लावलेल्या बागा यांवरून पडले, अशी आख्यायिका आहे.

३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने वाड्यांचे अतोनात नुकसान केले. पोफळ पाच ते आठ वर्षांनी व नारळाची पारंपरिक जात त्याहूनही उशिरा उत्पन्न देऊ लागते. तेवढा काळ थांबणे न परवडणाऱ्या काही वाडीमालकांनी झाडांच्या जागी पर्यटकांसाठी खोल्या बांधणे पसंत केले. टाळेबंदीत शहरातून नव्याने आलेल्यांना याच वादळात अनेक दिवस विजेविना काढावे लागले, तेव्हा गावचे घर म्हणजे काय याचा परिचय त्यांना लवकरच झाला.

रोजगाराच्या दृष्टीने पाहता परिणाम संमिश्र आहे. गवंडी, सुतार, नळकारागीर, माळी, राखणदार व स्वयंपाकी यांना वर्षभर काम मिळते. ज्या तरुणांना पूर्वी मुंबईस जावे लागे, त्यांपैकी काही गावातच राहतात. शेतमजुराला बंगल्यावरील काम अधिक नियमित वाटते. भात लावणीस मजूर न मिळणे ही त्याची दुसरी बाजू आहे. वैद्यकीय व शैक्षणिक सोयींसाठी स्थलांतरित कुटुंब बहुधा मुंबईशी बांधलेलेच राहते. अलिबाग येथे जिल्हा रुग्णालय आहे व २०२१–२२ या शैक्षणिक वर्षापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. तरीही वृद्धापकाळी आजारपण वाढल्यावर परत मुंबईस जाणारी निवृत्त जोडपी आढळतात. पहिल्या उत्साहात मुंबईचे घर विकणाऱ्यांस हे परतणे कठीण जाते. वेधशाळेने दोन वर्षे दोन्ही जागा चालविल्या, ही गोष्ट येथे आठवते.

जनगणनेत या प्रवाहाचे नीट प्रतिबिंब पडत नाही. अलिबाग नगरपालिकेची लोकसंख्या २००१ मध्ये सु. १९,५०० व २०११ मध्ये सु. २०,७०० होती, म्हणजे दहा वर्षांत ती जेमतेम बाराशेने वाढली. बांधकाम गावठाणाबाहेर व आसपासच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत झाले आणि शनिवार-रविवारपुरते उघडणारे घर गणनेच्या दिवशी बंद आढळते. त्याचा मालक मतदान व शिधापत्रिका यांबाबतीत मुंबईकर असतो. त्यामुळे ग्रामपंचायतीस रस्ते, कचरा व पाणी यांची सोय प्रत्यक्षात जितक्या लोकांसाठी करावी लागते, तितके लोक तिच्या कागदोपत्री नसतात. घरपट्टी मिळते, पण ग्रामसभेस हे मालक क्वचितच येतात.

नियोजनपूर्वक घडविलेल्या स्थलांतराचा अनुभव याच जिल्ह्यात उपलब्ध आहे. मुंबईवरील ताण कमी करण्यासाठी बंदराच्या पूर्व किनाऱ्यावर नवे शहर वसवावे, ही कल्पना १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी मांडली आणि १९७० मध्ये त्यासाठी सिडको हे महामंडळ स्थापन झाले. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील जमिनी शासनाने संपादन केल्या. मोबदल्यावरून जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यास परत देण्याचे धोरण आले. अलिबाग तालुक्यातील खाजगी खरेदी-विक्रीत असे आंदोलन झाले नाही, कारण तेथे प्रत्येक व्यवहार स्वतंत्र व संमतीने होतो. पण विकलेल्या जमिनीच्या पुढील मूल्यवाढीत मूळ शेतकऱ्यास वाटा देणारी तरतूदही तेथे नाही.

ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्यांची स्थिती सर्वांत बिकट आहे. जिल्ह्यातील कातकरी या आदिम जमातीच्या अनेक वाड्या पिढ्यान्‌पिढ्या खाजगी मालकीच्या जमिनीवर, बहुधा जुन्या जमीनदाराच्या संमतीने किंवा त्याच्या गरजेपोटी वसलेल्या आहेत. शेताची राखण, कोळसा पाडणे व वीटभट्टी यांसाठी त्याला मजूर हवे असत आणि त्याबदल्यात झोपडीपुरती जागा मिळे. सातबारावर तिची नोंद नसते. जमीन शहरातील खरेदीदाराकडे गेली की हा तोंडी करार संपतो. वीटभट्टीच्या हंगामासाठी कुटुंब दिवाळीनंतर बाहेरगावी जाते व पावसाच्या तोंडी परतते. दरम्यानच्या काळात वाडीभोवती कुंपण पडलेले असू शकते. गावठाणाबाहेरील अशा वाड्यांची मोजणी करून घराखालील जागा रहिवाशांच्या नावे करण्याची कायदेशीर वाट उपलब्ध आहे, परंतु तिच्यासाठी लागणारे दाखले व तालुक्याच्या ठिकाणचे हेलपाटे रोजंदारीवरील माणसास पेलत नाहीत. जेथे जमिनीचे भाव चढले, तेथे जागेचा मालक अशा नोंदीस सहसा संमती देत नाही.